भाऊजी, सतरा नंबर हरला

भाऊजी, सतरा नंबर मेला. पुरता मेला. काचेच्या प्लेटवर एक ठिपकासुद्धा उगवला नाही. मी तीनदा पाहिलं, मग आमच्या लॅबच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो. तुम्हाला जाऊन अकरावा दिवस होता. आणि माझं डोकं कसं चालतं बघा. हातमोजे काढले, व्हरांड्यात आले आणि फोन लावला. तुम्हाला.

फोन ताईने उचलला. "जयभीम. बोल वं सुजाता."

तुमच्या बायकोला, माझ्या सख्ख्या बहिणीला, मी म्हटलं, "काही नाही ताई, चुकून लागला."

"लागू दे," ती म्हणाली. "मी पण सकाळी चहा दोघांचा टाकला."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुमच्याबद्दल बोलले. कोणी म्हणालं, दिवाकरभाऊ फार शांत माणूस. कोणी म्हणालं, कधी तक्रार नाही, कधी वाद नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला हसू आवरेना. शांत? तुम्ही? माझ्याशी सहा वर्षं एक दिवस सुटी न घेता भांडलेला माणूस! मला तिथे उठून बोलता आलं नाही. म्हणून आता लिहिते आहे. तुम्हाला अर्धं ठाऊकच आहे, पण हे कागदावर उतरतंय, तर आणखी कोणी वाचलं तरी त्याला कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्येच "पुढं सांग, पुढं सांग" करू नका.

कामठीच्या पॉवरलूमवर तुम्ही मिस्त्री होता. बिघडलेला माग तुम्ही हात लावण्याआधी कानाने तपासायचात. दारातूनच सांगायचात, "तिसऱ्या लाइनीत धोटा आपटून राहिला," आणि तो सूत नेणारा धोटा खरंच आपटत असायचा. तरुणपणी तुम्हाला क्षय झाला होता. तुम्ही औषधं पूर्ण घेतली, बरे झालात, लग्न केलं. पण क्षय जाताना फुप्फुसाच्या नळ्या जागोजागी सैल करून गेला. तिथे झालेल्या पिशव्यांमध्ये कफ साचायचा, आणि त्या कफात एक चिवट जंतू येऊन राहिला. नेहमीची औषधं त्याला लागू पडत नव्हती. दर हिवाळ्यात ताप, दर हिवाळ्यात नागपूरला धंतोलीतला तोच दवाखाना, आणि शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं ते जहाल इंजेक्शन. इंजेक्शनने ताप उतरायचा, पण दर खेपेला ते तुमच्या कानातून थोडंथोडं काहीतरी घेऊन जायचं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसंच झालं. आधी घूं घूं असा आवाज, मग बारीक आवाज गायब. एके वर्षी तुम्ही कारखान्यात परत गेलात आणि दारात उभे राहिलात, आणि तुम्हाला कोणता माग बिघडलाय ते ऐकू आलं नाही. हे तुम्ही ताईला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

त्याच सुमारास मी फार्मसीचं शिक्षण संपवून पीएचडीसाठी विषय शोधत होते. मधुमेहाच्या एका गोळीवर काम करायचं जवळजवळ ठरलंच होतं. तुम्हाला डबा घेऊन वॉर्डात आले, तर तुम्ही हाताला लागलेल्या नळीकडे टक लावून बघत बसला होता.

"सुजाता, मले एक सांग. बिमारी छातीत आहे ना? मग सुई हातात काहून?"

"औषध रक्तातून जाते भाऊजी. सगळीकडे पोचते."

"सगळीकडं काहून? मी एका मागाचा पट्टा बसवाले साऱ्या कारखान्याले तेल पाजतो का? माझ्या कानाले तर काही बिमारी नव्हती. तिथं काहून गेलं ते?"

मी म्हटलं, तसं होतंच, त्याला इलाज नाही. तुम्ही म्हणालात, "इलाज नाही, हे सांगाले तर मी बी शिकलो आहो. त्याच्यासाठी इतकी मोठी डिग्री कायले पाहिजे?"

मला इतका राग आला! डबा तसाच ठेवून निघाले. मनीषनगरच्या माझ्या खोलीवर पोचेपर्यंत रागाचा प्रश्न झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे जाऊन म्हटलं, मला विषय बदलायचा आहे. औषध थेट फुप्फुसात पोचवायचं, तिथेच थांबवायचं, तिथेच हळूहळू सोडायचं. मॅडम म्हणाल्या, "अवघड आहे." मी म्हटलं, "घरून फार दबाव आहे."

तिथून आमचे ते कण सुरू झाले. तुम्हाला पहिल्यांदा समजावून सांगितलं तो रविवार आठवतो? मी म्हणाले, डोळ्याला दिसणार नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत, इतके बारीक कण करायचे. त्यांच्या पोटात औषध भरायचं. कण प्लास्टिकचे. तुम्ही लगेच हात वर केलात. "प्लास्टिक? छातीत? आधीच कापसाची धूळ आहे तिथं!" मग मी ताईला बोलावलं. पोरीच्या बाळंतपणात तिचं पोट फाडलं होतं, तेव्हा आतले टाके काढावे लागले नव्हते, आपोआप विरघळले होते. मी म्हटलं, तेच हे. त्याच जातीचं. दह्यात जो आंबटपणा असतो, तशाच आंबट रेणूंची ही साखळी. अंगातल्या पाण्याने एकेक कडी सुटते, कण झिजतो, औषध बाहेर येतं, आणि शेवटी त्या सुट्या कड्या अंगच पचवून टाकतं. मागे काही उरत नाही.

तुम्ही म्हणालात, "म्हणजे काम झालं की आपलं आपण निघून जाणारं मशीन." आणि ताईकडे वळून, "ऐकून राहिली का वं? अशी वस्तू आपल्या कारखान्यात एकबी नाही!" त्या दिवशी तुमचा चेहरा असा फुलला होता की जणू ते कण तुम्हीच केले होते. पुढे प्रत्येक रविवारी पहिला प्रश्न तोच. "कण काय म्हणतेत?"

मग तुमच्या कफाचं प्रकरण. आम्हाला प्रयोगासाठी खऱ्या रुग्णांच्या छातीतले जंतू हवे होते. धंतोलीचे डॉक्टर तयार झाले, समितीची परवानगी आली, संमतीपत्रं छापली. ज्यांची तयारी असेल त्यांच्या कफाचे नमुने घ्यायचे, बाटलीवर फक्त नंबर टाकायचा. कोणता नमुना कोणाचा ते मला कळता कामा नये, असा नियम. तुम्ही ते संमतीपत्र चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलंत. वॉर्डातल्या दुसऱ्या कोणीच ते वाचलं नव्हतं. एका ओळीवर तुम्ही बोट ठेवलंत. 'या संशोधनातून तुम्हाला स्वतःला कोणताही फायदा होणार नाही.'

"हे लिहिणारा इमानदार माणूस दिसते," तुम्ही म्हणालात.

"मी लिहिलं ते."

"मग बरोबर आहे." आणि सही ठोकलीत. आणि मी दाराबाहेर पडते न पडते तोच मागून ओरडलात, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "सुजाता! आपला सतरा नंबर आहे हो! ध्यानात ठेव!"

मी कानावर हात ठेवले, पण उशीर झाला होता. मॅडमना खरं ते सांगून टाकलं. त्या डोक्याला हात लावून हसल्या, आणि प्लेटांवर उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून दुसऱ्या विद्यार्थिनीकडे दिलं, म्हणजे माझा लोभ आकड्यांत शिरायला नको. तेव्हापासून तुम्ही त्या जंतूला भाडेकरू म्हणायला लागलात. "आमचा भाडेकरू कसा आहे? खोली खाली करून राहिला का नाही?" तो काही करत नव्हता. बाकीच्या नमुन्यांतले जंतू कमीजास्त मरायचे. सतरा नंबर मात्र स्वतःभोवती बुळबुळीत चादर विणून तिच्यात गुरफटून बसायचा, आणि औषध वरून वाहून जायचं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "विणकराच्या छातीत राहून विणणं शिकला लेकाचा."

आणि मग तो मे महिना. पहिले कण आम्ही पाण्यात ठेवलेले, दुधाळ दिसायचे. पण पाण्यात ते बाटलीतच झिजायला लागायचे. म्हणून कोरडी पावडर करायची होती, ओढून घेता येईल अशी. पण सुटा कण इतका हलका की श्वासाबरोबर आत जातो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. म्हणून पुष्कळ कणांची साखरेत बांधून एक मोळी करायची. मोळी जड, ती खोल जाऊन बसणार. फुप्फुसातल्या ओलाव्याने साखर विरघळणार, कण मोकळे होणार. कागदावर सुंदर होतं. प्रत्यक्षात आपल्या नागपूरच्या उन्हात ते कण मऊ पडले आणि एकमेकांना चिकटले. पाण्यात टाकले तर मोकळे होण्याऐवजी गोळा होऊन तळाशी. सतत तेच. अख्खा महिना! मी तुमच्या घरी येऊन पंख्याखाली आडवी पडले होते आणि रडत होते, आणि तुम्ही खोकत खोकत शेजारी बसलात.

"सुताले खळ कशी देतेत, पाह्यलं का तू कधी?"

"भाऊजी, हे सूत नाही."

"ऐकून तर घे. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याले खळ देतेत. पण एकेक तार वेगळी ठेवून, प्रत्येकीले आपापली खळ. आपापली वाळली, की मग गुंडाळाची. कोणी नवा गडी ओल्याचीच गुंडाळी करते, मग सारं एकमेकाले धरून बसते. तू ओल्याचीच मोळी बांधून राहिली."

"भाऊजी, ते वेगळं, हे वेगळं. तुम्हाले नाही समजणार."

हे मी म्हणाले. तुम्हाला. माझा विषय ज्याच्या तोंडून आला, त्या माणसाला. तुम्ही "बरं" म्हणालात आणि उठून पाणी आणायला गेलात. माफी मागायला हवी होती. मागितली नाही. ती इथे मागते.

तो हिवाळा वाईट गेला. दोनदा भरती व्हावं लागलं. दुसऱ्या खेपेला इंजेक्शनही नीट लागू पडेना. मी आले तेव्हा ताई औषधं आणायला खाली गेली होती, आणि तुम्ही तिच्या जाण्याची वाटच बघत होता.

"तुझे कण दे मले."

मला वाटलं, गंमत करताय.

"त्या कागदावर लिहिलं होतं, मले फायदा होणार नाही म्हणून. मले आठवते. पण कागद तू लिहिला ना? तर तूच खोडून टाक."

"अजून उंदराले पण नाही दिलं भाऊजी."

"मग मीच उंदीर."

"नाही."

"काहून नाही?"

"तुम्हाले काही झालं तर?"

"अन काही नाही केलं तर काय होऊन राहिलं, ते दिसून नाही राहिलं का तुले?"

मी "नाही म्हणजे नाही" म्हणाले आणि ताई यायच्या आत निघून गेले. त्यानंतर तीन रविवार मी कामठीला आले नाही. तुम्ही फोन केला नाही. सहा वर्षांत आपण भांडलो होतो, पण अबोला कधी धरला नव्हता.

आता जे सांगते ते मी कालपर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. चौथ्या रविवारी मी आले. तुम्ही नुकतेच घरी आला होता. माझ्या पिशवीत टिफिन होता, टिफिनशेजारी थर्मास होता, थर्मासमध्ये बर्फ होता, आणि बर्फात एक बाटली होती. आमच्या त्या दुधाळ पाण्याची. शेअर ऑटोत मी पिशवी पोटाशी धरून बसले होते आणि सारा रस्ता स्वतःला सांगत होते, फक्त एकदा. एकदाच. तुमच्या वाफेच्या यंत्रात, नेब्युलायझरमध्ये टाकायचं, कोणाला कळणार?

तुम्ही नेब्युलायझरचाच मास्क धूत बसला होता. उकळलेलं पाणी, स्वच्छ फडकं, एकेक कोपरा पुसत. मला बघून अबोला वगैरे सगळं विसरून म्हणालात, "ये. पाह्य, घाण राहिली तर सीधी आत जाते ना? म्हणून मी कोणाले हात लावू देत नाही. तू लावला तर चालते, तुझे हात साफ आहेत."

मी पिशवी उघडलीच नाही. जेवले. तुम्ही वांग्याची भाजी वाढलीत. बर्फ तसाच परत नेला.

आणि पुढे काय झालं ते ऐका. त्याच खेपेत केलेलं दुधाळ पाणी आम्ही पुढच्या महिन्यात फुप्फुसाच्या पेशींवर घातलं, त्या काचेत वाढवलेल्या असतात. एका दिवसात पेशी मेल्या. कण करताना एक साबणासारखा पदार्थ वापरावा लागतो, तो पुरेसा धुतला गेला नव्हता. धुणं माझंच होतं. प्लेट बघितली आणि मी तिथेच स्टुलावर बसले. तुमच्या छातीत आधीच मोजक्या चांगल्या जागा उरल्या होत्या, भाऊजी.

हे तुम्हाला सांगायचं होतं. दर रविवारी ठरवून यायची. सांगितलं तर तुम्ही म्हणणार, "पाह्य, वाचवलं ना तू मले." आणि मला ते ऐकायचं नव्हतं, कारण मी तुम्हाला वाचवलं नव्हतं. तुमच्या त्या धुतलेल्या मास्कने वाचवलं होतं. मी तर बाटली घेऊन दारापर्यंत आलेच होते. शहाणपणाने नाही थांबले. तुम्ही माझ्या हातांना साफ म्हणालात, म्हणून थांबले.

काही दिवसांनी सकाळी तुमचा फोन आला. भांडणाचा विषय नाही, कणांची मागणी नाही. फक्त, "ते सुताचं करून पाह्यलं का?"

"नाही भाऊजी."

"पाह्य ना. साखरच जाईन थोडी."

त्या दिवशी मी ते केलं, काहीशी तुम्हाला गप्प करायला. आधी कण धुतले, असे धुतले की मॅडम म्हणाल्या, आता पुरे. मग मोळी बांधण्याआधी प्रत्येक कणाभोवती साखरेचा आपापला थर बसेल इतकी जास्त साखर घेतली, आणि साखरही बदलली. वाळल्यावर काचेसारखी कडक होते, उन्हाला लवकर मऊ पडत नाही, अशी. थर बसू दिला. मगच वाळवलं. चिमूटभर पावडर पाण्यात टाकली, हलवली. आणि भाऊजी, पाणी दुधाळ झालं! तळाशी काही नाही! यंत्रात घालून कणांचा आकार मोजला, तर वाळवण्याआधी होता तेवढाच. एकेक तार वेगळी! मी लॅबमध्ये ओरडले. शेजारच्या लॅबमधले लोक आग लागली म्हणून धावत आले.

तुम्ही तेव्हा पुन्हा धंतोलीत होता. मी फोनवर सांगितलं तर तुम्हाला नीट ऐकू येईना. "काय? सुटले? कोण सुटले?" मग समजलं, आणि तुम्ही वॉर्डभर सांगत सुटलात. नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं की तुम्ही सलाईनच्या दांड्यासकट पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांकडे गेलात आणि त्यांना सुताची खळ समजावून सांगितलीत. आजोबा कोणत्याशा गावचे, त्यांना वाटलं, तुम्ही साड्या विकताय.

मी दुसऱ्या दिवशी आले. "मी काय म्हणालो होतो?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाले होते." तुम्हाला आणखी काही नको होतं. तेव्हाही पेशींचं आणि बाटलीचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तुम्ही इतके खुशीत होता की मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

तो रविवार आला नाही. न्यूमोनियाने तीन दिवस घेतले. शेवटच्या दिवशी तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघून बोटांनी काहीतरी चिमटीत धरून पाण्यात टाकल्यासारखं केलंत, आणि भुवया उंचावल्या. झालं का पुढचं? मी म्हटलं, सुरू आहे. सतरा नंबरवर लावलंय. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, कारागिराने कामावर निघणाऱ्या कारागिराला हलवावी तशी.

म्हणून त्या अकराव्या दिवशी, गुरुवारी, मी फोन लावला, भाऊजी. चादरीच्या आत शिरले कण. वरून वाहून गेले नाहीत, आत जाऊन बसले आणि तिथे हळूहळू औषध सोडत राहिले. जे औषध एरवी भरपूर ओतावं लागायचं, ते कितीतरी कमी लागलं. ते पेशींच्या प्लेटवरही घातलं, आणि पेशी जिवंत. जिवंत आणि वाढताहेत. मोजणी माझी नव्हती, त्या दुसऱ्या मुलीची होती. तिला सतरा नंबर कोण, काय, काही ठाऊक नाही. ती येऊन नुसती म्हणाली, "ताई, हा तर सगळ्यांत हट्टी होता ना?"

मला ठाऊक आहे, ही काचेतली गोष्ट आहे. आता उंदीर, मग आणखी काय काय, मग माणसं, आणि त्यात वर्षं जातील. त्यातलं बरंचसं फसेल. पण मला सकाळी झोपेतून उठताना पाय जमिनीला लागायच्या आत त्या कणांची आठवण येते आणि हसू येतं. आणि त्याच क्षणी तुमची. दोन्ही एकदम येतात. यातलं दुःख कोणतं आणि आनंद कोणता, ते मला वेगळं काढता येत नाही, आणि मी आता तो प्रयत्नही सोडून दिलाय.

काल रविवार होता. सवयीने कामठीला गेले. ताई ओट्याजवळ खाली बसून अंबाडीची पानं खुडत होती. मी समोर बसले आणि तिला म्हटलं, "ताई, त्या दिवशी फोन चुकून नव्हता लागला." आणि गुरुवारचं सगळं सांगितलं. सांगता सांगता बाटलीचंही सांगितलं. थर्मास, बर्फ, मास्क, मेलेल्या पेशी, सगळं. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ती काय म्हणेल.

"परत घेऊन गेली ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग झालं तर." आणि पुन्हा पानं खुडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता मले ते सारं पहिल्यापासून सांग. हे रोज सांगत, अन मी स्वयंपाक करत हो हो म्हणत होती. मले काहीच माहीत नाही."

मी पहिल्यापासून सांगितलं. कण, आंबट साखळी, साखरेची मोळी, जंतूची चादर. ती मध्ये एकदाही बोलली नाही. तुमच्यासारखी नाही ती, ऐकून घेते. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "अन मढे?"

"कोणाचे?"

"तू मारले त्या जंतूंचे. साखर विरघळली, प्लास्टिक विरघळलं, औषध लागलं. पण इतके मेले ते तिथंच पडून राहतीन ना छातीत. त्याईचं काय होते?"

मेलेल्या जंतूंच्या सालींतूनही विष सुटतं, फुप्फुस त्यानेच सुजतं, हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. पण आमच्या कणांनी एकदम एवढे जंतू मारले तर ती सूज किती येईल? हे आम्ही कुठेच मोजलेलं नव्हतं. पुढच्या प्रयोगांची अख्खी यादी तयार आहे, मॅडमनी तपासलेली आहे, आणि त्यात हे नाही!

"ताई, हे तुले कोणी सांगितलं?"

"कोण सांगन? घरात घूस मारली तं उचलून फेका बी लागते," ती म्हणाली. "नाही तं साऱ्या घराले वास."

भाऊजी, वही खोलीवर राहिली होती. मी अंबाडीखालचं वर्तमानपत्र ओढलं, पानं एका बाजूला सारली आणि कडेच्या कोऱ्या जागेत तो प्रश्न लिहून काढला. तो तुकडा फाडला. मग थांबले, आणि त्याच्याखाली ताईचं पूर्ण नाव लिहिलं.

ती वाकून बघत होती. "माझं नाव कायले लिहून राहिली वं?"

मी म्हटलं, "प्रश्न तुझा आहे."